चौदावा नियम

भांडणं मिटवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे सांगताना मला आजही आतून थोडं बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून स्वतःचा संतापही येतो. शाळेत दोन शिक्षिकांचं वर्गाच्या वेळापत्रकावरून वाजलं की मुख्याध्यापिका मलाच बोलवायच्या. घरी सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई एकमेकींशी अबोला धरून बसल्या की निरोप्या मी. दोघींना थोडं थोडं द्यायचं, दोघींकडून थोडं थोडं काढून घ्यायचं, आणि उठताना दोघींनाही वाटलं पाहिजे की जिंकलो ते आपणच. यातली खरी युक्ती मला पुढे कळली. जो माणूस तिथे बसलेलाच नाही त्याच्याकडून काढून घेतलं की काम सगळ्यात लवकर होतं. ती मी आमच्या काशीच्या मराठी मंडळात शिकले, आणि फार छान शिकले.

मंडळाची इमारत शिंदे घाटाच्या वर गल्लीत होती. खाली गणपती बसायचा तो हॉल, मागे स्वयंपाकघर, वर चार खोल्या. मंडळात दोन गट. एक गल्लीवाले, म्हणजे पिढ्यान्पिढ्या काशीत राहिलेली भिक्षुकांची, वैदिकांची घरं. दुसरे कॉलनीवाले, म्हणजे रेल्वे, बँक, विश्वविद्यालय यांत नोकरीला आलेली मंडळी. गल्लीवाल्यांना वाटायचं, हे आज आहेत, उद्या बदली झाली की जातील, यांना कशाला विचारायचं? कॉलनीवाल्यांना वाटायचं, वर्गणी आम्ही देतो, कामं आम्ही करतो आणि हार यांच्या गळ्यात. मी घाटावरच्या भिक्षुकाची मुलगी आणि विश्वविद्यालयातल्या नोकरदाराची बायको. त्यामुळे मी दोन्हीकडची, किंवा कुठलीच नाही. बाई आहे, अक्षर चांगलं आहे, तोंडाने फटकळ असली तरी कोणाच्या बाजूची नाही, असं म्हणून त्यांनी मला चिटणीस केलं.

वरच्या मागच्या खोलीत माई राहायच्या. माझ्या आठवणीत त्या पहिल्यापासून तिथेच. गणपतीचा नैवेद्य त्यांच्या हातचा, देशावरून अस्थी घेऊन आलेल्या लोकांना पहिलं गरम जेवण त्यांच्या हातचं. लहानपणी आई आजारी होती तेव्हा दीड वर्ष मी त्यांच्याच हातचं जेवले. भात ताटात टाकला तर पाठीत धपाटा घालायच्या, आणि मग तोच भात दही घालून भरवायच्या. काटक, काळ्यासावळ्या, बोलायला तिखट.

ऐन तिशीत नवरा गेला तेव्हा त्या वाईकडून काशीला आल्या आणि इथे त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. हे फार कोणाला ठाऊक नसतं म्हणून सांगते. काशीत मेलं की सुटका, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मरण सांगून येत नाही, आणि ते येईल तेव्हा आपण गावाबाहेर असलो तर? म्हणून काही लोक हातात पाणी घेऊन संकल्प सोडतात की मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडणार नाही. गंगेच्या पलीकडचा काठसुद्धा हद्दीबाहेर. तिकडे रामनगरला मेलेला माणूस गाढवाच्या जन्माला जातो, असं इथली शेंबडी पोरंही सांगतात. माईंना संकल्प सांगितला तो आमच्या गल्लीतल्या शास्त्रीबुवांनी, तेही तेव्हा तरुण होते.

आणि माईंनी तो पाळला. मुलगी मामाकडे वाढली, तिचं लग्न सांगलीला झालं, माई गेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी इथे पुरण घातलं आणि गल्लीतल्या पाच सवाष्णी जेवायला घातल्या. चार वर्षांनी ती मुलगी बाळंतपणात गेली, तार आली, तेव्हाही माई गेल्या नाहीत. दिवसभर घाटावर बसून राहिल्या आणि संध्याकाळी येऊन कणीक मळली. जावयाने पुन्हा कधी कार्ड टाकलं नाही. एकदा मी विचारलं होतं, पश्चात्ताप नाही होत? तर परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "एवढं दिलंय मी या गावाला. गाव मला एक मरण देईल की नाही?"

तर मंडळाची नवी नियमावली करायची होती. मंडळाची नोंदणी नव्याने करायची तर दोन्ही गटांनी मंजूर केलेली नियमावली सरकारी कार्यालयात द्यावी लागणार होती, नाहीतर नोंदणी रद्द. दोन वर्षं ते घोंगडं भिजत पडलं. गल्लीवाल्यांचं म्हणणं, अध्यक्ष जुन्या घरातलाच हवा. कॉलनीवाल्यांचं म्हणणं, वरच्या खोल्या रिकाम्या करा, तिथे मुलांचं वाचनालय आणि पेटी-तबल्याचे वर्ग काढू, इमारत काही कोणाला राहायला दिलेली नाही. राहणारं तिथे माईंशिवाय कोणीच नव्हतं, पण माईंचं नाव कोणी घ्यायचं नाही. 'कायम वास्तव्याचा प्रश्न' असं म्हणायचे. एका बैठकीत तर श्रीखंड की बासुंदी यावरून सुरू झालं आणि एका वयस्क गृहस्थांनी दुसऱ्या वयस्क गृहस्थांची छत्री गल्लीत भिरकावली.

माई बैठकांना यायच्या नाहीत, त्या सभासद नव्हत्या. पण कान होते त्यांना. एक दिवस मी हॉलमध्ये मसुदा लिहीत बसले होते तेव्हा वाटीत शिरा घेऊन आल्या. माझी खोली तेवढी सांभाळ, म्हणाल्या. मी हसले. लिहिणारी मी आहे ना, मग तुम्ही निश्चिंत राहा, असं मी म्हणाले आणि शिरा खाल्ला. साजूक तुपातला होता.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला लखनौत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन पक्षांनी मुख्यमंत्रिपद सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरवलं. सगळं बनारस पानाच्या टपरीवर उभं राहून हसत होतं. मी हसले नाही. मी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून पर्समध्ये ठेवली. अध्यक्षपदही तसंच वाटायचं, पहिले सहा महिने गल्ली, पुढचे सहा महिने कॉलनी. शास्त्रीबुवांना जाऊन सांगितलं, पहिली पाळी तुमची. इंजिनिअरसाहेब म्हणजे कॉलनीवाल्यांचे पुढारी, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना जाऊन सांगितलं, अध्यक्षपद अर्ध्या वर्षापुरतं का होईना, कायमचं तुमच्या हातात येतंय. दोघेही विरघळले. पण साहेब पक्के. अध्यक्षपदाची पहिली पाळी सोडतो आहोत, मग खोल्यांचं काय ते आत्ताच लिहा, म्हणाले.

जागा त्यांनीच सुचवली. त्यांच्या ओळखीच्या कोणी निपुत्रिकाने रामनगरला दोन खोल्यांचं घर मंडळाला दिलं होतं. माघात आम्ही सात-आठ जण ते बघायला गेलो होतो. पक्कं बांधकाम, पंखा, घरात नळ, संडासला जिना उतरावा लागत नाही. साहेब बोटाने दाखवत म्हणाले, "पिपा पुलावरून पंधरा मिनिटं, बहनजी. तुमच्या गल्लीतून लंकेवर, विश्वविद्यालयाच्या फाटकाशी, यायला याहून जास्त वेळ लागतो." खोटं नव्हतं ते. कॉलनीतली माणसं विश्वविद्यालयाच्या बाजूला राहायची, त्यांना पिप्यांवरचा तो तरता पूल म्हणजे घराचं मागचं दार. नदीच्या पलीकडे म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं. बदलीवर आलेल्या माणसाला नदी ही नदीच दिसते. त्यांना मी माफ करते, किंवा करू शकले असते.

पण आम्हाला कळत होतं ना! मला कळत होतं. शास्त्रीबुवांना तर पुरतं कळत होतं.

तरी मी लिहिलं. चौदावा नियम: मंडळाच्या इमारतीत कोणीही कायम वास्तव्य करणार नाही, सध्या राहणाऱ्यांची सोय मंडळाच्या अन्य जागेत केली जाईल. किती सभ्य वाक्य आहे बघा. त्यात माई नाहीत, गंगा नाही, मरण नाही. मनाशी म्हटलं, आधी हे पास होऊ दे, दोन महिन्यांनी हळूच माईंपुरता अपवाद घालून घेऊ. आणि हा सगळा समझोता कोणी मोडू नये म्हणून बाविसावा नियमही मीच घातला, की दोन्ही गटांची संमती असल्याशिवाय एकही नियम बदलता येणार नाही. तो घातल्यावर मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

बैठक चैत्रात झाली. चौदावा नियम वाचताना मी शास्त्रीबुवांकडे बघितलं. ते उपरण्याच्या टोकाशी खेळत होते. गल्लीवाल्यांपैकी एकाने हळूच विचारलं, पण त्यांचा संकल्प आहे ना? सगळ्यांच्या माना बुवांकडे वळल्या. मला वाटलं, आता बुवा नाही म्हणतील आणि माझ्या डोक्यावरचं उतरेल. बुवांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "शास्त्रात आपद्धर्म सांगितलेला आहे." आपत्ती कोणाची आणि धर्म कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. हात वर झाले, सगळ्यात आधी बुवांचा. पुढचे सहा महिने अध्यक्ष तेच होते. मग लवंगलतांची मिठाई वाटली, आणि दोन वर्षं एकमेकांच्या दारात न गेलेली माणसं एकमेकांना आग्रह करत होती.

माईंना सांगायला अर्थात मलाच पाठवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी पंखा, नळ, संडास असं सगळं आधी सांगितलं आणि गावाचं नाव शेवटी. त्यांचा हात थांबला नाही. खडे बाजूला काढत त्यांनी विचारलं, "सगळ्यांनी हात वर केले?"

मी हो म्हटलं. बुवांनीपण? हो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या विचारायच्या आतच मी सांगून टाकलं, की चिटणिसाला मत नसतं, मी हात वर केलेला नाही.

"मग लिहिलं कोणी?" माई म्हणाल्या.

त्यानंतर मी अपवादासाठी दोन्हीकडे फिरले. साहेब म्हणाले, एक नियम उघडला की सगळेच उघडतील, बाविसावा तुम्हीच घातलात. बुवा म्हणाले, आत्ताच कुठे शांतता झालीये, एका खोलीसाठी मोडायची का? हेच मी त्यांना महिनाभर पढवलं होतं, शब्दसुद्धा माझेच होते. कॉलनीतल्या एका विनोदी गृहस्थांनी माईंना समोर विचारलं, काय माई, गाढव झालात तर आमच्या धोब्याकडे लावू का वशिला? लोक हसले. माईही जराशा हसल्या, आणि ते मला अजून सहन होत नाही.

माई जायला तयार नव्हत्या. घाटावर पडून राहीन, म्हणाल्या. शेवटी मीच त्यांना तयार केलं. तेही जमलं मला! मी म्हटलं, माई, तिकडे फक्त राहायचं. तब्येत जरा बिघडली की मी स्वतः येऊन तुम्हाला अलीकडे आणीन, मांडीवर डोकं घेऊन बसेन, शेवट काशीतच होईल. संकल्प मोडतो तो राहण्यापुरता, मरण तर तुमचंच राहील. माईंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "राहणं तुमच्या मंडळाला दिलं. मरण माझं. शब्द दे." मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. वैशाखात टेम्पो आला. पिपा पुलावरून जाताना त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि पार पलीकडे जाईपर्यंत तोंड उघडं केलं नाही.

आता आमचा शहाणपणा बघा. घर आम्ही बघितलं माघात, नदी आटलेली असताना. पिपा पूल पावसाळ्याआधी उचलून काठाला लावतात, हे काशीतलं शेंबडं पोरही जाणतं. आम्ही सात-आठ शिकलेली माणसं, त्यात एक रेल्वेच्या पुलांची नोकरी करून निवृत्त झालेला, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्येष्ठात पूल निघाला. पंधरा मिनिटांचा रस्ता पलीकडच्याच काठावरच्या पडाव नाक्यावरून, राजघाटच्या पुलावरून फिरून दीड तासाचा झाला, तोही जाम नसेल तर. पुरात होड्या बंद. मी आठवड्याला जायचे ती महिन्याला जाऊ लागले. माई तक्रार करत नसत. पंख्याखाली बसून समोरचा काठ बघत असत. मोतीबिंदू वाढला होता, त्यांना काय दिसत असेल कोण जाणे. पूल कधी लावतात, एवढंच विचारायच्या.

पितृपक्षात रविवारी बैठक होती. बुवांचे सहा महिने संपले होते आणि बुवा खुर्ची सोडायला तयार नव्हते. पितृपक्षात पदभार द्यायचा नसतो, म्हणत होते. साहेब म्हणत होते, लखनौवाल्यांनीसुद्धा पाळला शब्द. आवाज चढले होते. तेवढ्यात समोरचा मिठाईवाला पायऱ्या चढून दारात आला. मंडळात फोन नव्हता, निरोप त्याच्याकडे यायचे. "बहनजी, रामनगर से फोन आया है. माई आपको बुला रही हैं. कहती हैं, अभी."

मी म्हटलं, आलेच. आणि उठले नाही.

मी उठले असते तर त्या दिवशी मंडळ फुटलं असतं, हे खरं आहे. आणि मी केलेलं एकमेव मोठं काम माझ्या डोळ्यांदेखत मोडलं असतं, हे त्याहून खरं आहे. मी दोघांच्या मध्ये बसून राहिले. थोडं इकडे, थोडं तिकडे. अखेर तोड काढली की पदभार घटस्थापनेला द्यायचा, पण पत्रांवर सह्या आजपासून दोघांच्या. टाळ्या वाजल्या. घड्याळ बघितलं तर सव्वा तास गेला होता.

रिक्षा करून मी रामनगरला पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. शेजारीण माईंना पाणी पाजत होती, ते बाहेर येत होतं. माईंनी माझा हात चाचपडून ओळखला. उशीर केलास असं म्हणाल्या नाहीत. त्यांना उचलून रिक्षात घेतलं, डोकं माझ्या मांडीवर. वजन काहीच नव्हतं. डोळे मिटलेले, श्वास मोजून घेतल्यासारखा, एक झाला की पुढच्याची वाट बघावी लागे. मला दिसत होतं, त्या जिवाच्या करारावर धरून आहेत. पडावापर्यंत आलो आणि जाममध्ये अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, उजवीकडे बैलगाडी. राजघाटचा पूल समोर दिसत होता, त्याच्या खालच्या मजल्यावरून रेल्वेगाडी चालली होती. त्या गाडीचा आवाज ऐकून माईंचे ओठ हलले.

"काशी आली का?"

मी पुलाकडे बघितलं. अजून थोडं धरा, माई, एवढंच म्हणायचं होतं. पण कोणी काही मागितलं की त्याला बरं वाटेल ते बोलायचं, ही माझी जन्माची सवय.

"आली, माई. ओलांडला पूल."

त्यांनी मान हलवली. धरून ठेवलेलं सगळं त्यांनी माझ्या शब्दावर सोडलं. पुढच्या श्वासाची मी वाट बघत राहिले, तो आला नाही. रिक्षावाला खाली उतरून ट्रकवाल्याला शिव्या देत होता. पूल ओलांडायला आम्हाला त्यानंतर अर्धा तास लागला.

मणिकर्णिकेवर दोन्ही गट आले होते, सगळे एकत्र उभे होते. बुवा माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात विचारलं, कुठे गेल्या, अलीकडे की पलीकडे? मी वर बघितलं तर साहेब, छत्रीवाले दोघे गृहस्थ, तो विनोदी माणूस, सगळे माझ्याकडे बघत होते. त्या सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं.

अलीकडे, मी म्हणाले. बुवांनी डोळे मिटून हात जोडले.

पुढच्या बैठकीत दुखवट्याचा ठराव झाला. माईंनी काशीक्षेत्री देह ठेवला, असं त्यात आहे. ठराव एकमताने मंजूर झाला, खाली दोघांच्याही सह्या आहेत. अक्षर माझं आहे.